मधल्या सीटवर कोण?

आमच्या पिंपरी-चिंचवडात गाडीबद्दल सल्ला हवा असेल तर लांब जावं लागत नाही. संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर चार जण बसलेले असतात. त्यातले एक प्रेस शॉपमधून रिटायर झालेले, दुसरे पेंट शॉपमधून, आणि तिसऱ्यांचा मुलगा चाकणला क्वालिटीत. प्रत्येकाचं मत ठाम आणि प्रत्येकाचं वेगळं! साहजिकच आहे म्हणा. ह्या गावातल्या दोन-तीन पिढ्यांच्या चुली वाहनांवरच पेटल्या. टेल्कोचे ट्रक, १९७२ पासून बजाजची चेतक, १९९८ च्या डिसेंबरात बाजारात आलेली इंडिका... सगळं इथलंच. चेतकवर पुढे मुलगा उभा, चालवणारे आमचे हे, मागे मी आणि मांडीवर धाकटी, असा आमचा सगळा संसार कितीतरी वर्षं एका स्कूटरवर मावला.

आता मावत नाही. मुलगा, सूनबाई, बारा वर्षांची नात, सहा वर्षांचा नातू आणि मी, असे आम्ही पाच जण. आणि गेले दोन महिने घरात एकच विषय: टाटाची नेक्सॉन घ्यायची की स्कोडाची कायलॅक? दोन्ही कॉम्पॅक्ट एसयूव्ही ह्या जातीच्या. म्हणजे दिसायला जीपची धाकटी बहीण, आणि पार्किंगला साध्या मोटारीएवढी.

पहिला वाद देशी की परदेशी ह्याचा झाला. पण तो फार टिकला नाही. कायलॅक चेक कंपनीची खरी, पण तयार होते चाकणला, आमच्या निगडीपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर. आणि नेक्सॉन 'आपली' असली तरी ती तयार होते रांजणगावला (महागणपतीचं तेच), तेही टाटांच्या फियाटबरोबरच्या भागीदारीतल्या कारखान्यात. दोन्ही लेकी पुणे जिल्ह्यातल्याच! कायलॅक हे नावही २०२४ साली लोकांकडून सुचवण्या मागवून ठरवलं आणि ते स्फटिक ह्या अर्थाच्या संस्कृत शब्दावरून घेतलंय, असं कंपनी सांगते. कैलासाशी त्याचं नातं असावं, हे मराठीच्या बाईला सांगायला नको.

मग मुलानं एक तक्ता केला. मला तक्ते आवडतात. जन्म त्यातच गेला. त्यात पहिल्याच ओळीत गंमत दिसली. दोन्ही गाड्यांची लांबी ३,९९५ मिलिमीटर, अगदी सारखी. चार मीटरला पाच मिलिमीटर कमी. म्हटलं, दोन वेगळ्या देशांतल्या लोकांना एकच माप कसं सुचलं? तर ते सुचलेलं नाही, करानं आखून दिलेलं आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान मोटारींवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आणलं, आणि लहान म्हणजे काय तेही ठरवलं: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. पुढे जीएसटी आला तरी रेघ तीच राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून ह्या रेघेच्या आतल्या गाडीला १८ टक्के आणि बाहेरच्या मोठ्या गाडीला ४० टक्के. म्हणून नेक्सॉनचं पेट्रोल इंजिन ११९९ सीसी आणि कायलॅकचं ९९९.

आता चार मीटरच्या खोलीत किती सामान लावणार? एका भिंतीचं कपाट मोठं केलं की पलंग लहान होणारच. कायलॅकची डिकी ४४६ लिटरची, नेक्सॉनची ३८२. नेक्सॉन जमिनीपासून २०८ मिलिमीटर उंच, कायलॅक १८९. नेक्सॉनची रुंदी १,८०४, कायलॅकची १,७८३. मागे तिघं बसले की रुंदीतला हा फरक खांद्यांना कळतो. कायलॅकमध्ये शिवाय मधे बसणाऱ्याच्या पायाखाली मोठा उंचवटा आहे, त्यामुळे पाय दोन्हीकडे फाकून बसावं लागतं. साडी नेसून हे कसं जमतं ते करून पाहावं.

मग सुरक्षेचे मार्क. नेक्सॉननं २०१८ च्या डिसेंबरात ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळवले, आणि भारतात बनलेल्या गाडीला असा मान पहिल्यांदाच मिळाला. ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप ही परीक्षा सुरू झाली. तीत नेक्सॉनला मोठ्यांसाठी ३२ पैकी २९.४१ आणि मुलांसाठी ४९ पैकी ४३.८३. कायलॅकला ३०.८८ आणि ४५. दोघींनाही पाच तारे, दोघींतही सहा एअरबॅग. "कायलॅक पुढे आहे," सूनबाई म्हणाली. "दीड मार्कानं," मुलगा म्हणाला.

दीड मार्काचं मला विचारा. पस्तीस वर्षं पेपर तपासले. दीड मार्कानं हुशार आणि ढ ठरत नाही. मात्र प्रश्नपत्रिकेत काय विचारलंय आणि काय विचारलेलंच नाही, हे आधी बघायचं असतं. म्हणून नातीला सांगितलं, ही परीक्षा घेतात कशी ते मला वाचून दाखव.

घेतात अशी. गाडी ताशी ६४ किलोमीटरनं समोरच्या अडथळ्यावर आदळवतात, पूर्ण समोरून नाही, एका बाजूनं. मग ५० च्या वेगानं बाजूनं धडक देतात. तारे जास्त हवे असतील तर २९ च्या वेगानं खांबावरही. आत माणसांऐवजी मोजमापं घेणारे पुतळे, म्हणजे डमी, बसवलेले असतात. समोरच्या धडकेत मोठ्या माणसाचे दोन पुतळे, ते दोन्ही पुढच्या सीटवर. मागे दोन मुलांचे पुतळे, एक दीड वर्षाचं आणि एक तीन वर्षांचं, आणि तेही त्यांच्या खास बालआसनात.

"आणि आजी?" नातीनं विचारलं.

आजी त्या गाडीत नाही! मागच्या सीटवर मोठं माणूस नाही, आणि मधली सीट तर रिकामीच. म्हणजे आमच्या घरात मी जिथे बसते त्या जागेला मार्कच नाहीत. ह्यात परीक्षा घेणाऱ्यांचा दोष नाही; प्रत्येक परीक्षेला कुठेतरी हद्द असते. पण 'फाइव्ह स्टार' म्हटलं की सगळ्या घराला पाच तारे मिळाले असं जे आपण धरून चालतो, तसं ते नाही.

मधल्या सीटवर कोण बसतं, बघा आठवून. चालवणारा ठरलेला. त्याच्या शेजारी घरातला दुसरा पुरुष, नाहीतर पाहुणे. खिडक्या मुलांच्या, कारण ती भांडतात. मधे उरते ती आई किंवा आजी, मांडीवर डब्यांची पिशवी घेऊन. मधली सीट कुणी कुणाला देत नाही, जो तक्रार करत नाही त्याच्याकडे ती आपोआप जाते. आणि वर तिथे बेल्ट सहसा कुणीच लावत नाही. खरं तर ह्या दोन्ही गाड्यांत मधल्या माणसालाही खांद्यावरून येणारा पूर्ण बेल्ट आहे, आणि मागच्यांनी बेल्ट लावायचा हा कायदाही आहे. चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा बालआसन नसेल तर हजार रुपये दंड, असं २०१९ च्या दुरुस्तीत स्पष्ट लिहिलंय. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले. पोलिसांनी सांगितलं, मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते. ते दोघंही गेले. पुढचे दोघं जबर जखमी झाले, पण वाचले. गाडी तर नावाजलेली होती.

इथवर आल्यावर मुलाचा निकाल तयार होता. "आई, नेक्सॉनच घेऊ. मागे तिघं नीट बसतील. तुझ्यासाठीच म्हणतोय."

मुलाचं प्रेम मला कळतं. पण ह्या 'तुझ्यासाठी'चा हिशेब कोण चुकता करणार, तेही मला दिसत होतं. गाडी रोज चालवणार सूनबाई. ती चाकणला नोकरीला. निगडीहून स्पाइन रोडनं मोशी, तिथून नाशिक रस्ता, इंद्रायणीचा पूल, चिंबळी फाटा, कुरुळी, मग चाकणचा तळेगाव चौक. ह्या रस्त्यानं जे गेलेत त्यांना जास्त सांगायला नको. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, डाव्या बाजूनं कंपनीची बस घुसतेय आणि उजवीकडून दुचाकी. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी चाकणच्या किल्ल्यात शाहिस्तेखानाला जवळजवळ दोन महिने अडकवून ठेवलं होतं. आता चाकण रोज सगळ्यांनाच अडकवतं, वेढा न घालता.

तिथे गाडी चालत नाही, सरकते. हातभर पुढे, थांब, पुन्हा हातभर. त्यामुळे तिला ऑटोमॅटिक हवी, आणि तिला पसंत पडला तो कायलॅकचा सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर. ह्यात इंजिन आणि गिअर ह्यांच्यामध्ये तेल असतं. ब्रेकवरचा पाय उचलला की गाडी अलगद सरकते, ब्रेक दाबला की थांबते, धक्का नाही. नेक्सॉनमध्ये दोन प्रकार. एक एएमटी, म्हणजे गिअर साधाच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम माणसाऐवजी यंत्र करतं. ते स्वस्त, पण गिअर बदलताना क्षणभर थबकतं. दुसरा दोन क्लचचा, सात गिअरचा, तो चपळ. सूनबाईनं तिन्ही चालवून पाहिले आणि म्हणाली, "आई, मला घरी आल्यावर पाय दुखायला नकोत, एवढंच."

मी कागद घेतला. तिचे रोजचे जाऊन-येऊन अडीच तास, महिन्याचे बावीस दिवस, म्हणजे पंचावन्न तास. आम्ही पाचही जण एकत्र जाणार महिन्यातून एकदा जुन्नरकडे गावी, आणि मधून एखादं लग्न-बारसं. धरा आठ तास. पाच माणसांचे आठ, म्हणजे चाळीस. पंचावन्न विरुद्ध चाळीस. हा काही गणिताचा पुरावा नव्हे. पण एका आजीच्या आठ तासांच्या अवघडलेपणासाठी एका बाईचे महिन्याचे पंचावन्न तास वापरायचे आणि वर नाव आजीचं लावायचं, हे मला पटेना. सुनेच्या सोयीला सासूच्या प्रेमानं अडवलं, असं आपल्याकडे फार झालंय. प्रेम खरं असतं आणि अडवणंही खरं असतं.

मग मीच म्हटलं, प्रश्न गाडीचा नाहीच, बसण्याचा आहे. आजपासून पुढे चालकाशेजारी मी बसणार. गुडघ्यांना तिथे चढायला-उतरायला सोपं, आणि ज्या जागेला परीक्षेत मार्क मिळालेत तीच ती जागा. एअरबॅग समोर असते म्हणून सीट जमेल तेवढी मागे सरकवायची. माझ्या मागे नातू, त्याचे पाय आखूड, त्याला अडचण नाही. त्याच्यासाठी बूस्टर सीट, म्हणजे बेल्ट गळ्यावर न येता खांद्यावर येईल. दुसऱ्या खिडकीशी नात. आणि मधे चिरंजीव.

"मी मधे?" चिरंजीवांनी विचारलं.

"का? तिथे माणसं बसत नाहीत का?"

पाचही सीट भरून, सगळ्यांचे बेल्ट लावून आम्ही टेस्ट ड्राइव्ह घेतली. शोरूमच्या मुलानं सवयीनं समोरच्या गुळगुळीत रस्त्यावर एक चक्कर सुचवली. त्याला गोड बोलून मोशीच्या पुढे कुरुळीपर्यंत नेलं. आधी एक गाडी, दुसऱ्या दिवशी दुसरी. दोन्हीत मधे चिरंजीवच. नेक्सॉनमध्ये तो बराच सुखात होता, हे नोंदवलं पाहिजे. कायलॅकमध्ये गुडघे जवळ घेऊन बसला. उतरल्यावर म्हणाला, "महिन्यातून आठ तास चालेल." बायकोकडे बघून म्हणाला, माझ्याकडे नाही. मला तेच हवं होतं.

कायलॅक ऑटोमॅटिक बुक केली. ज्यांच्याकडे रोजच मागे तीन मोठी माणसं बसतात त्यांनी नेक्सॉन घ्यावी, असं मी कुणालाही सांगेन. रस्ते खराब असतील तर तिची उंचीही कामाची. दोन्ही चांगल्या गाड्या आहेत. आपल्या घराला कुठली, हे घरातल्या माणसांचे तास मोजल्याशिवाय कळत नाही. रंग, सनरूफ, टचस्क्रीन ह्यांची चर्चा नंतर करता येते.

तेव्हा मंडळी, गाडी बघायला जाल तेव्हा सगळ्यांना घेऊन जा, म्हाताऱ्या माणसांनाही. आपल्या रोजच्या रस्त्यावर न्या. आणि किंमत विचारायच्या आधी घरात एकमेकांना एवढं विचारा, की मधे कोण बसणार आहे, आणि त्याला कुणी विचारलंय का?