पाठकोरे कागद

ज्या कागदाच्या एका अंगास मजकूर असून दुसरें अंग कोरें राहिलें आहे, त्यास मराठींत पाठकोरा कागद म्हणतात. शब्द मोठा गोड आहे. परंतु ती वस्तु हल्लीं बहुधा थेट कचऱ्याच्या टोपलींत जाते, म्हणून मुलांच्या कानांवर तो फारसा पडत नाहीं.

आमचे थोरले बंधु एका खाजगी कचेरींत हिशेबनीस आहेत. तेथें पाठकोऱ्या कागदांची उत्पत्ति कशी होते, हें पाहण्यासारखें आहे. छपाईयंत्रांतून दरपत्रकाची प्रत निघते. तींत एखादा आंकडा चुकलेला असतो, कीं लगेच दुसरी प्रत काढतात. कित्येक वेळां शेवटच्या पानावर केवळ एकच ओळ उतरते. पत्ता बदलला कीं नांव छापलेले शेंकडों कागद एका दिवसांत निरुपयोगी ठरतात. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर सुरू झाला, तेव्हां जुन्या करांचे क्रमांक छापलेलीं बिलबुकें अशींच पडून राहिलीं. त्या बिलांच्या पाठी मात्र कोणत्याच कराच्या फेऱ्यांत सांपडल्या नव्हत्या!

हे कागद आमच्या वर्गासाठीं आणण्यापूर्वीं बंधूंनीं साहेबांची परवानगी मागितली, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते. कचेरीची रद्दी कचेरीच्या मालकीची. ती विकून चार पैसे येतात. “टाकाऊच तर आहे” असें म्हणून ती पिशवींत घालणें आणि चांगली वस्तु उचलणें यांत आम्हांस अंतर दिसत नाहीं. साहेबांनीं आनंदानें होकार दिला, पण एक अट घातली: ज्यावर कोणाचें नांव, पगार वा खातेक्रमांक असेल असा एकही कागद बाहेर जातां कामा नये. तेव्हांपासून बंधु प्रत्येक पान वाचून निवडतात.

आतां थोडा हिशेब. नेहमींच्या ए-४ आकाराचीं १६ पानें मिळून एक चौरस मीटर होतो. चौरस मीटरास ८० ग्रॅम भरणाऱ्या कागदाचें एक पान ५ ग्रॅमचें, व ५०० पानांचें रीम अडीच किलोचें. ४० मुलांस शंभर शंभर पानांची कच्ची वही द्यावयाची तर ४,००० पानें, म्हणजे २० किलो कागद लागतो. रद्दीवाला त्या वीस किलोंचे जे देईल त्यांत चाळीस नव्या वह्या येणार नाहींत, हें सांगण्यास गणिताच्या गुरुजींची जरुरी नाहीं. पिना काढून, कोऱ्या बाजू एकाच दिशेस करून, कडेस दाभणानें तीन भोंकें पाडून दोरा ओवला, आणि जुन्या फाइलीचा पुठ्ठा वर घातला, कीं वही तयार.

अवघड भाग निराळाच होता. ह्या वह्या केवळ गरजू मुलांस द्याव्या, असें कांहींनीं सुचविलें. दुसऱ्या एका वर्गांत तसें वाटप झालेलें आम्हीं पाहिलें होतें. तेथें एक मुलगी छापील बाजू दिसूं नये म्हणून हात आडवा धरून लिहीत असे. महात्मा गांधी आलेल्या पत्रांचे लखोटे उलगडून त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहीत, हें खरें. पण तेरा वर्षांच्या मुलीस तेवढें समाधान पुरत नाहीं. म्हणून आम्हीं सर्वांस एकसारखी वही दिली. डॉक्टरांच्या मुलासही तीच, आणि टिपणें काढण्यासाठीं आमच्या मेजावरही तीच.

मुलें आतां वहीच्या पाठी वाचूं लागलीं आहेत. सिमेंटचा दर काय, खुर्च्या किती मागविल्या, हें त्यांस तोंडपाठ आहे. परवां एकानें एका जुन्या दरपत्रकाची बेरीज करून पाहिली, तों ती नऊ रुपयांनीं चुकलेली निघाली. मोठ्या अभिमानानें त्यानें तें पान बंधूंकडे धाडलें. बंधूंचा निरोप आला: “बेरीज बरोबर असती, तर हें पान तुला मिळालेंच नसतें!”