कंबर मोडून केलेलं काम

आमच्या बेळगावात उद्यमबागेतून सुटलेला माणूस चालण्यावरून ओळखू येतो. संध्याकाळी अनगोळच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागते, तेव्हा बघा. घरासमोर गाडीवरून उतरल्यावर ही माणसं लगेच सरळ होत नाहीत. एक हात कमरेवर ठेवतात, जरा थांबतात आणि मग हळूहळू ताठ होतात. माझे बाबा त्यातलेच एक. पंचवीस वर्षं ते लेथवर टर्नर आहेत.

मराठीत कष्टाचं कौतुक करायचं म्हटलं की आपण शरीर मोडूनच करतो. हाडाची काडं केली, रक्ताचं पाणी केलं, कंबर मोडेस्तोवर राबला. त्यामुळे टर्नरची पाठ दुखायचीच, हे घरीदारी सगळ्यांनी धरूनच चाललेलं असतं. दुखणं बाम लावून झोपवायचं आणि सकाळी डबा घेऊन निघायचं.

गेल्या वर्षी प्रोजेक्टसाठी मी ‘कामाची जागा आणि शरीर’ हा विषय घेतला. या अभ्यासाला अर्गोनॉमिक्स म्हणतात. ग्रीक भाषेत ‘एर्गॉन’ म्हणजे काम आणि ‘नोमॉस’ म्हणजे नियम. सुट्टीत आठ दिवस वही आणि टेप घेऊन मी बाबांच्या शॉपमध्ये जाऊन बसले. “काय लिहूलीस गं एवढं?” बाबा मधूनमधून विचारायचे. मी मोजत होते.

फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचे क्रेट जमिनीवर ठेवलेले असायचे. बाबा वाकून एक कास्टिंग उचलायचे, चकमध्ये बांधायचे, काम झालं की पुन्हा वाकून दुसऱ्या क्रेटमध्ये ठेवायचे. एका पाळीत १६० जॉब, म्हणजे ३२० वेळा वाकणं. एक कास्टिंग सहा किलोचं. उचलणं आणि ठेवणं मिळून जवळजवळ दोन टन लोखंड रोज हातातून जायचं. शिवाय रिकाम्या हातानं वाकलं तरी अर्ध्या शरीराचा भार कंबरच तोलते, तो वेगळाच.

दुसरी गोष्ट मशीनच्या उंचीची. बारीक नजरेचं काम कोपराच्या थोडं वर असावं, हलकं हातकाम कोपराच्या थोडं खाली आणि जोर लावायचं काम त्याहून खाली, असा या शास्त्रातला साधा नियम आहे. बाबा उंच आहेत. त्यांच्या लेथचं सेंटर कोपरापेक्षा चार इंच खाली होतं. टूलचं टोक आणि डायलवरचा आकडा बघायला त्यांना मान घालून वाकावंच लागायचं. दुसऱ्या पाळीचे काका ठेंगणे, त्यांना तीच उंची बरोबर बसायची.

लेथबद्दलचा एक जुना अभ्यास प्रसिद्ध आहे. इंग्लंडमधल्या क्रॅनफिल्डच्या संशोधकांनी एका लेथची हँडल्स कुठे कुठे आहेत ते मोजलं आणि ती सहज हाताला येतील असा माणूस कागदावर काढला. तो निघाला जेमतेम साडेचार फूट उंच, आणि दोन्ही हात पसरले तर साडेसात फुटांच्या वर! असा माणूस जगात कुठे असणार? म्हणून मग जो असेल त्यानं मशीनसारखं व्हायचं. आपल्या माणसांची मापंही उपलब्ध आहेत. देबकुमार चक्रवर्ती यांचं भारतीय शरीरमापांचं पुस्तक अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेनं १९९७ मध्ये काढलं. मापं आहेत, पण ती शॉपपर्यंत पोचत नाहीत.

मी बाबांना म्हटलं, “मालकांना सांगा की, क्रेट खाली नको म्हणून.”

बाबा बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, “पाठ दुखतंय म्हणून सांगितलं तर म्हणतील, ह्याचं वय झालं. सगळे सीएनसी घेऊलेत. आपण कशाला नजरेत यायचं?”

पाठीच्या दुखण्यापेक्षा ही भीती मोठी होती, हे मला तेव्हा कळलं.

मग मी माझ्या वहीचं एक पान मालकांपुढे ठेवलं. त्यावर ३२० आणि दोन टन एवढंच ठळक लिहिलं होतं. बाबांच्या पाठीचा उल्लेखही नव्हता. मालक पूर्वी स्वतः लेथवर उभे राहिलेले. “एकाला केलं की चौघं मागतील,” असं ते म्हणाले खरे, पण पान खिशात ठेवलं. आठवड्याभरात पडून असलेल्या अँगलचा एक स्टँड वेल्डरनं करून दिला. क्रेट कमरेच्या उंचीवर आले. पुढे चौघांनी खरंच मागितले आणि त्यांनाही मिळाले.

लेथ उचलायचा तर काम बंद ठेवावं लागणार, म्हणून ते खंडेनवमीपर्यंत लांबलं. पूजेच्या साफसफाईसाठी मशीन बंद असतं, तेव्हा खाली पॅकिंग देऊन ते चार इंच वर घेतलं आणि लेव्हल केलं. दुसऱ्या पाळीच्या काकांसाठी उभं राहायला लाकडी फळ्यांचा पाट केला. मशीन उंच माणसाच्या मापाचं ठेवायचं आणि ठेंगण्याला पाट द्यायचा, कारण उंच माणसाला जमिनीत खड्डा करून उभं करता येत नाही.

बाबांची पाठ बरी झाली असं मी लिहिणार नाही. पंचवीस वर्षांची झीज एका स्टँडनं भरून येत नसते. पण आता ते संध्याकाळी आल्या आल्या जमिनीवर आडवे होत नाहीत. चहा घेतात, पेपर वाचतात.

आपल्या मंडळातल्या कितीतरी जणांच्या घरचा डबा उद्यमबागेत जातो. कुणाची आई टेबलावर मान घालून जॉब तपासते, कुणाचा भाऊ खाली बसून ग्राइंडर धरतो. एकदा टेप घेऊन जा. कोपराची उंची मोजा, कामाची उंची मोजा, वाकणं मोजा. आकडा कागदावर आला की “मला दुखतंय” असं त्यांना स्वतःच्या तोंडानं सांगावं लागत नाही.