खांब कोणाचा, दिवा कोणाचा?

नागरिकशास्त्र जिवंत करा म्हटलं की शाळांना अभिरूप संसद आठवते. कोणी अध्यक्ष होतो, कोणी विरोधी पक्षनेता, पाठ केलेली भाषणं होतात, फोटो निघतात. नाटक म्हणून मला ते आवडतं. पण गावातला बंद दिवा कोणाच्या कानावर घालायचा हे ठाऊक नसलेल्या सहावीच्या मुलांनी दिल्लीतलं विधेयक कशाला मंजूर करायचं?

माझी सुरुवात घरपट्टीच्या पावतीपासून होते. नाव आणि रक्कम झाकूनच पावती आणायची. कोणाची थकबाकी वर्गात चघळायची नाही. घरपट्टीखाली दिवाबत्ती कर, आरोग्य कर असे रकाने दिसतात. ‘‘सर, रस्त्यावरच्या दिव्याचे पैसे आपण भरतो?’’ हे कोणीतरी विचारतंच. मग तो दिवा गेला तर सांगायचं कोणाला? मुलं एका सुरात म्हणतात, वायरमनला. बहुतेक गावांत खांब आणि तारा महावितरणच्या असतात, दिवा मात्र ग्रामपंचायतीचा. खड्ड्यांचंही तसंच. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. चुकीच्या टेबलावर गेलेला अर्ज नुसता पडून राहतो.

अर्जावर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो. ‘रस्ता खराब आहे, तरी लक्ष द्यावे’ असा अर्ज आला की परत. कुठून कुठपर्यंतचा रस्ता? कधीपासून? नेमकं काय हवंय? अर्जाच्या प्रती दोन. दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊनच कार्यालयातून बाहेर पडायचं. पोच मागताना मोठी माणसंही चाचरतात, म्हणून वर्गात टेबल मांडून त्याचा सराव करून घेतो. ‘साहेब जेवायला गेलेत’ म्हणणारा कारकून व्हायला सगळेच उत्सुक!

ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी कमी असेल ती. 400 मतदारांच्या गावाला 60 माणसं लागतात. 1200 मतदारांच्या गावाला 180 नव्हे, 100. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीच लागत नाही. ‘‘मग पहिल्या सभेला यायचं कशाला?’’ या प्रश्नाचं उत्तर मी देत नाही. त्यावर मुलं तासभर भांडतात, ते मला हवंच असतं.

मुलांना ग्रामसभेला जरूर न्यावं. मतदार नसल्यामुळे त्यांनी मागे बसायचं. विषयपत्रिकेवर काय होतं आणि बोलणं कशावर झालं, हे वहीत टिपायचं. निवडणुकीच्या हंगामात मात्र मी नेत नाही. मास्तर कोणत्या गटाचे, ही कुजबुज सुरू झाली की वर्गात कोणी मोकळेपणी बोलत नाही.

चाचणीत ‘सरपंचाची कामे लिहा’ विचारत नाही. चुकीच्या कार्यालयाला लिहिलेला एक ढिसाळ अर्ज छापून देतो आणि दुरुस्त करायला सांगतो. तपासायला वेळ जातो, पण गाइडमध्ये त्याचं उत्तर सापडत नाही.