भार कुठं ठेवायचा

यात्रांचा हंगाम लागला की बारामती-इंदापूरकडच्या गावांतून कुस्त्यांचे फड भरतात. तिथं अजूनही कितीतरी जोड्या तराजूवर नव्हे, नजरेनं ठरतात. पंच दोन पोरं शेजारी उभी करतात, माना-खांदे-मांड्या न्याहाळतात आणि जोड लागते की नाही ते सांगतात. या जाणत्या नजरेला मोठ्या अंगाचं वावडं कधीच नव्हतं. ‘महाराष्ट्र केसरी’चा मानाचा गटच ८६ ते १२५ किलोंचा. वस्तादांनी नाक मुरडलं असेल तर ते बसून राहिलेल्या अंगाला, भरलेल्या अंगाला नव्हे. आज मात्र तिशीतल्या एखाद्या जाड माणसानं किंवा बाईनं झुंजीची कला शिकायचं मनावर घेतलं, की घरचे, मित्र, जिममधला शिक्षक सगळे एकच ऐकवतात: ‘आधी वजन उतरव, मग बघू.’ बारामतीच्या जळोचीत हे ऐकावं लागतं, पुण्यातही ऐकावं लागतं. ब्राझिलियन जिउ-जित्सू या जमिनीवरच्या पकडींच्या कलेच्या बाबतीत तरी हा सल्ला उलटा आहे, असं माझं ठाम मत आहे. वजन कुठं ठेवायचं, कधी टाकायचं आणि कधी काढून घ्यायचं, हाच या कलेचा अर्धा अभ्यास आहे. ज्याच्यापाशी वजन आहे त्याला तो पहिल्या दिवसापासून करता येतो. त्यासाठी आधी दुसरं कुणीतरी होऊन यावं लागत नाही.

अडचण अशी की या कलेची गोष्ट आजवर लहान चणीच्या माणसाच्या बाजूनं सांगितली गेली. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान स्थापन केलं आणि जुन्या जुजुत्सूतून ज्युदो घडवला. त्यांच्याच परंपरेतला मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोचला. त्याच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकला, आणि कार्लोसच्या धाकट्या, किरकोळ अंगाच्या भावानं, एलिओनं, ताकदीऐवजी तरफेवर भर देत ती विद्या आपल्या मापानं बेतली. १९९३ मध्ये डेन्व्हरला पहिली ‘यूएफसी’ ही वेगवेगळ्या झुंजकलांची स्पर्धा झाली, तेव्हा एलिओचा मुलगा रॉयस जेमतेम ऐंशी किलोंचा होता. त्यानं एका रात्रीत तिघांना हरवलं. पुढच्या वर्षी डिसेंबरात तो शंभर किलोंच्या कितीतरी वर असलेल्या डॅन सेव्हर्नच्या खाली पंधरा मिनिटांहून अधिक काळ दबून राहिला आणि शेवटी खालूनच, पायांच्या त्रिकोणात मान आवळून जिंकला. जगभर जिउ-जित्सू पसरलं ते या चित्रामुळे. वर मोठा, खाली लहान, आणि जिंकणारा खालचा. वर्गात पाऊल टाकणाऱ्या जाड नवशिक्याला मग पहिल्याच दिवशी वाटतं, की या गोष्टीत आपली जागा हरणाऱ्याची आहे. आपण इथं शिकायला आलो नसून इतरांच्या सरावाला आलो आहोत.

पण त्याच इतिहासात आणखी एक पान आहे. १९५१ मध्ये रिओच्या माराकाना मैदानावर एलिओ ग्रेसीसमोर जपानी ज्युदोका मासाहिको किमुरा उभा राहिला. तो एलिओपेक्षा वजनानं बराच भारी होता, आणि विद्येतही कुणाला हार जाणारा नव्हता. त्यानं खांद्याची अशी पकड लावली की एलिओच्या कोपऱ्यातल्या माणसांना हार कबूल करावी लागली. ब्राझीलच्या लोकांनी त्या पकडीलाच किमुरा हे नाव दिलं. आपल्या गुरूला हरवणाऱ्याचं नाव डावाला द्यायचं आणि पिढ्यान्‌पिढ्या शिकवायचं, हा दिलदारपणा मला फार मोठा वाटतो. त्यातून एक गोष्ट स्वच्छ होते. लहान माणूस मोठ्याला हरवतो हे खरं आहे, पण मोठ्याला विद्या नसेल तेव्हा. वजन आणि विद्या एका अंगात आली की काय होतं, ते माराकानानं दाखवून दिलं आहे. म्हणून तर या खेळाच्या स्पर्धांत वजनी गट आहेत. पुरुषांचा सर्वांत वरचा गट, गी हा पोशाख घालून खेळताना, १००.५ किलोंच्या पुढं सुरू होतो आणि त्याला वरची मर्यादाच नाही. ऑलिंपिकमधल्या फ्रीस्टाइल कुस्तीत १२५ किलोंवर दार बंद होतं. जिउ-जित्सूचं दार उघडं राहतं.

तरीही वजनाचा एक खरा धोका आहे, आणि तो गुडघ्यांचा नाही. वजनाआड लपता येतं, हा तो धोका. १९१० मध्ये लंडनला गामा पैलवानासमोर पोलंडचा स्टानिस्लॉस झिबिस्को आला. तो स्वतः मोठा मल्ल होता, गामापेक्षा अंगानं बराच जड. पण गामाचा जोर पाहताच त्यानं गादी धरली. दोन तासांहून अधिक वेळ तो जवळजवळ पालथाच पडून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सोडवावी लागली. पडून राहिलेल्या त्या भारी अंगाला गामाही उलटवू शकला नाही, आणि त्या अंगानंही काही कमावलं नाही. १९२८ मध्ये पतियाळाला दोघे पुन्हा भिडले, तेव्हा निकाल लागायला मिनिटही पुरेसं ठरलं, जिंकला गामा. नवशिक्या जाड माणसाच्या बाबतीत हेच छोट्या प्रमाणात घडतं. पहिल्या आठवड्यात तो साठ-पासष्ट किलोंच्या दुसऱ्या नवशिक्यावर नुसता पडून राहतो. समोरचा हलू शकत नाही, आणि याला वाटतं की आपल्याला जमलं. प्रत्यक्षात त्यानं काहीच केलेलं नसतं. खाली जाणता माणूस आला की तो कंबर सरकवतो, गुडघा आत घालतो, आणि तोच भार याला उलटा फिरवायला वापरतो. म्युनिकच्या १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या ख्रिस टेलरचं वजन दीडशे किलोंच्याही वर होतं. ग्रीको-रोमन लढतीत जर्मनीच्या विल्फ्रिड डिट्रिचनं त्याला कवेत घेऊन मागं कमान टाकली आणि हवेतून आपटलं. ते छायाचित्र अजून फिरतं. ते पाहून पुष्कळ लोक वजनाला हसतात. मला त्यात एवढंच दिसतं, की त्या क्षणी टेलरचा भार डिट्रिचच्या हाती गेला होता.

मग भार आपल्या हाती कसा राहतो? जळोचीच्या उपबाजारात डाळिंबाचे क्रेट उचलणाऱ्या हमालाला हे कुणी पुस्तकातून शिकवलेलं नसतं. वजन तेवढंच असतं, पण ते अंगालगत कुठं टेकवायचं यावर दिवस निघतो की कंबर मोडते हे ठरतं. जिउ-जित्सूत आडव्या पडलेल्या जोडीदारावर छाती ठेवून त्याला धरायचं असतं, तेव्हा नवशिका जाड माणूस हटकून आपले गुडघे आणि तळहात गादीवर रोवतो. कधी भीतीनं, कधी समोरचा दबेल या संकोचानं. त्याचे शंभर किलो अशा वेळी गादीवर जातात, जोडीदारावर नाही. जाणता माणूस गुडघे उचलतो, पायाच्या बोटांवर येतो, कंबर खाली सोडतो आणि सगळा भार छातीच्या एका कडेनं समोरच्याच्या खांद्याजवळ ठेवतो. पासष्ट किलोंचा जुना माणूस शंभर किलोंच्या नव्यापेक्षा जड का लागतो, याचं उत्तर इथं आहे. आणि जो भार ठेवायला शिकतो, त्याला तो उचलून घेणंही येतं. बोटांवर आणि हातावर स्वतःला तोलून जोडीदाराच्या बरगड्यांवरचा दाब हवा तेवढा कमी करता येतो. ‘हा लहान माणसाला चिरडेल’ हा आक्षेप म्हणूनच खरा असला तरी अपुरा आहे. चिरडतो तो न शिकलेला जाड माणूस. त्याला दाराबाहेर ठेवून तो शिकलेला होणार नाही.

सर्वांत अवघड भाग पाठीचा आहे. आपल्या मातीत पाठ लागली की कुस्ती संपली, आणि ती सगळ्या गावासमोर संपली. चीतपट होण्याची ही लाज आपल्या हाडात मुरलेली आहे. जिउ-जित्सूत पाठ टेकल्यावर काम सुरू होतं. खालून पायांनी समोरच्याला अडवायचं, त्याचा तोल मोडायचा, जागा करून निसटायचं. मोठ्या अंगाच्या माणसाला हे दोनदा जड जातं. एक तर पोट मध्ये येतं, गुडघे छातीकडे येत नाहीत, कंबर सरकवण्याची साधी हालचाल धाप लावते. दुसरं म्हणजे त्याला आयुष्यात कधी खाली राहावंच लागलेलं नसतं; शाळेपासून तो मस्तीतही वरच असतो. पण याच कलेत अशा अंगाला मानवणाऱ्या वाटाही आहेत. समोरच्याचा एकच पाय आपल्या दोन पायांत अडकवून कुशीवर राहण्याचा ‘हाफ गार्ड’ पूर्वी नुसता वेळ काढण्याची जागा मानला जाई. ब्राझीलच्या रॉबेर्तो कोरेआचा गुडघा दुखावलेला होता. त्याला दुसरं काही करता येईना, तेव्हा त्यानं याच जागेतून हल्ला करण्याची रीत घडवली. ज्याला पाय डोक्यावरून फिरवता येत नाहीत, त्यानं कुशीवर राहून लढावं, यात कमीपणा काही नाही. शिवाय इथं टॅप आहे. हातानं दोन थापा मारल्या की जोडीदार सोडतो, आणि पुन्हा सुरुवात. आपल्याहून चाळीस किलो हलक्या मुलीपुढं टॅप करायला लागणं हा वजनदार पुरुषासाठी पहिला खरा धडा असतो.

तब्येतीचा आक्षेप मी हलका मानत नाही. रक्तदाब, साखर, हृदय यांचं काही असेल तर डॉक्टरांना विचारूनच गादीवर उतरावं. मोठ्या अंगाची उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो, कारण वस्तुमानाच्या मानानं कातडीचं क्षेत्र कमी पडतं. त्यात बारामतीचा एप्रिल आणि अंगावर जाड सुती गी. अशा वेळी दोन मिनिटांची झुंज आणि तेवढाच विसावा हे शहाणपणाचं. पडण्याचं म्हणाल, तर दुप्पट वजन त्याच उंचीवरून दुप्पट आघात घेऊन आपटतं, हे साधं गणित आहे. पण जिउ-जित्सूचा सराव पुष्कळदा बसूनच सुरू होतो. ज्युदोत किंवा मातीतल्या कुस्तीत पहिल्या महिन्यात जेवढं आपटून घ्यावं लागतं, तेवढं इथं लागत नाही. ‘आधी वजन उतरव’ म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. धावणं गुडघ्यांना झेपत नाही, जिममध्ये आरशांसमोर संकोच वाटतो, अशा माणसाला जमिनीवर, दुसऱ्या माणसाच्या सोबतीनं घाम गाळण्याची ही जागा आहे. वजन त्यानं कदाचित उतरेलही, कदाचित उतरणार नाही; शिकणं दोन्ही बाबतींत चालू राहतं.

‘आपली कुस्ती असताना हे परदेशी कशाला’ असं विचारणारेही भेटतील. रवींद्रनाथांनी १९२९ मध्ये शिंझो ताकागाकी या जपानी ज्युदो शिक्षकाला शांतिनिकेतनात आणलं, तेव्हा बंगालात आखाडे नव्हते असं नाही. आणि गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमधून कुस्तीचं कांस्यपदक आणलं, ते ५७ किलोंच्या गटात आणि मातीवर नव्हे, गादीवर. तालमीचं दार लहानपणीच उघडतं. तिशीत पहिल्यांदा लंगोट बांधणाऱ्याला तिथं सहसा जोड मिळत नाही. जिउ-जित्सूचा पांढरा पट्टा चाळिशीतही बांधता येतो. २०१८ पासून हा खेळ आशियाई स्पर्धांतही आहे, पण चाळिशीतल्या नवशिक्याला त्याच्याशी कर्तव्य नाही.

उरतो तो जोड लावणाऱ्याचा प्रश्न, आणि तो शिक्षकाचा आहे. फडातली नजर सारख्याला सारखं उभं करते, कारण तिथं निकाल हवा असतो. वर्गात उलट करावं. वजनदार नवशिक्याला पहिले काही महिने दुसऱ्या वजनदार नवशिक्याशी भिडवू नये. दोघे एकमेकांवर पडून दमतील आणि कुणाचं तरी बोट मुरगळेल. त्याला हलक्या पण जुन्या जोडीदारासमोर बसवावं, आणि दर खेपेला सुरुवात याच्या पाठीवरून करावी. वर यायचं ते त्यानं स्वतःच्या डावानं यावं.