कूतची उपासमार आणि एक खोटा आरोप

पहिल्या महायुद्धातल्या मोठ्या लढायांवर लेख द्या, असं संपादकांनी कळवलं तेव्हा त्यांच्या मनात सोम आणि व्हर्दून असणार. सैनिकी वैद्यकाचा इतिहास हा माझा विषय. मी आजच्या इराकमधल्या कूत-अल-अमाराबद्दलच लिहिणार, कारण तिथे आपल्या तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या आणि त्यांच्यावरचा एक आरोप अजून पुसला गेलेला नाही.

नोव्हेंबर १९१५मध्ये ब्रिटिश हिंदी फौजेची सहावी पुणे डिव्हिजन बगदाद घ्यायला निघाली आणि टेसिफॉनला अडली. चार हजारांवर माणसं मेली वा जायबंदी झाली. जखमींना बिनस्प्रिंगच्या गाड्यांतून टायग्रिस नदीपर्यंत आणलं, तिथून बोटीनं बसऱ्याला. त्यातल्या एका बोटीच्या कडेनं दोर लोंबताहेत असं बसऱ्यातल्या एका डॉक्टरला लांबून वाटलं. बोट जवळ आल्यावर दिसलं, ती वाळलेली विष्ठा होती. ही साक्ष या मोहिमेच्या चौकशी आयोगापुढे नोंदलेली आहे.

उरलेलं सैन्य मागे हटून कूतमध्ये शिरलं आणि ७ डिसेंबरपासून तुर्कांच्या वेढ्यात सापडलं. आरोप असा, की हिंदी शिपायांनी घोड्याचं मांस नाकारलं, म्हणून कूत पडलं. कूतमधल्या सैन्याचा सेनापती जनरल टाउनशेंड याच्या समर्थकांनी हे इतकं उगाळलं, की आपल्याकडचे शिकलेले लोकही मला तेच ऐकवतात. रोगाच्या नोंदी कुणी बघत नाही. गोऱ्यांना बेरीबेरीनं गाठलं, कारण त्यांच्या पांढऱ्या पिठातला कोंडा गेलेला, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व गेलेलं. आपल्या शिपायांना जाडंभरडं पीठ होतं, म्हणून ते बेरीबेरीतून वाचले. पण भाजी नाही, ताजं मांस नाही, म्हणून स्कर्व्ही झाला, हिरड्या सुजल्या, जुन्या जखमा भरेनात. गोऱ्यांच्या पिठात सातू मिसळल्यावर त्यांचा बेरीबेरी ओसरला. दोष शिधा ठरवणाऱ्यांचा होता. घोड्याचं मांस खायला धर्मगुरूंची परवानगी बिनतारी संदेशानं आली हे खरं, पण परतल्यावर गावानं वाळीत टाकलं तर त्या शिपायाला कोण विचारणार होतं? एप्रिलमध्ये पीठ माणशी पाच औंसांवर आलं, तेव्हा बहुतेकांनी मांस खाल्लंही.

कूत पडलं ते घाईनं. अन्न लवकरच संपेल असं टाउनशेंडनं कळवलं. सुटकेची फौज अपुऱ्या तयारीनिशी शेख साद, वादी, हन्ना इथल्या चिखलात घुसली. मग घरं धुंडाळल्यावर गावातच धान्य सापडलं. तेरा हजारांना सोडवताना तेवीस हजारांच्या आसपास मेले-जखमी झाले आणि २९ एप्रिल १९१६ला शरणागती झालीच. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. शिपायांना वाळवंटातून चालवत नेऊन रेल्वेच्या कामाला जुंपलं.

या उन्हाळ्यात पाटणकडचं एक कुटुंब माझ्याकडे आलं. 'पणजोबा बसऱ्याला गेले ते गेलेच,' एवढीच माहिती. बसऱ्याच्या स्मारकावर त्यांचं नाव कुठे आहे, एवढंच दाखवा म्हणाले. त्या स्मारकावर गोऱ्या सैनिकांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. हिंदी शिपायांचे पलटणीगणिक नुसते आकडे. अशा स्मरणातला भेदभाव युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या आयोगानं २०२१मध्ये मान्य केला. त्या कुटुंबातल्या म्हाताऱ्या पणतवाला हे सांगताना मला राग आवरत नव्हता.

वाचकांना एक विनंती आहे. घरात पहिल्या महायुद्धाचं चांदीचं पदक असेल तर सोनाराकडे मोडीत घालू नका. त्याच्या कडेवर बारीक अक्षरांत शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. भिंग घेऊन वाचा आणि वहीत उतरवून ठेवा.