पुण्याच्या पेठांतून : एका यादीचा प्रवास

तीर्थयात्रेचीं वर्णनें मासिकांतून पुष्कळ येतात. बाजारयात्रेचें वर्णन सहसा कोणी लिहीत नाहीं. बाजार हा आपल्या इतका अंगवळणीं पडलेला असतो कीं, त्याच्याकडे प्रवाशाच्या दृष्टीनें पाहावें असें कोणास वाटत नाहीं. परंतु गेल्या दहा-बारा वर्षांत स्थिति पालटली आहे. पुष्कळ सुशिक्षित घरांतून बाजारास जाण्याची चालच लोपत चालली आहे. मोबाईलच्या पडद्यावर हवी ती वस्तु बोटानें दाखवावी आणि एक-दोन दिवसांत ती दारांत येऊन पडावी, असा क्रम सुरू झाला आहे. जेफ बेझोस या अमेरिकन गृहस्थानें १९९४ सालीं स्थापलेलें ‘ॲमेझॉन’ हें दुकान १९९५ मध्यें केवळ ग्रंथविक्रीपासून उघडलें. २०१३ च्या जून महिन्यांत तें भारतांत आलें. आज मिठाच्या पुडीपासून कपाटापर्यंत तेथें मिळत नाहीं अशी वस्तु विरळा; आणि कित्येक घरांना तेवढें एकच दुकान ठाऊक उरलें आहे.

या सोयीची निंदा करणें हा माझा हेतु नव्हे. अंथरुणास खिळलेला मनुष्य, तान्हें मूल घेऊन एकटी असलेली आई, अथवा आडवळणाच्या गांवीं राहणारा विद्यार्थी यांना घरपोंच मिळणारी वस्तु म्हणजे उपकारच होय. प्रश्न आहे तो सर्व गरजांसाठीं एकच दार ठोठावण्याच्या संवयीचा. अशा दुकानांतील माल बहुधा त्याचा स्वतःचा नसतो. परकीय भांडवलाच्या ऑनलाइन बाजारानें ग्राहकांस स्वतःचा माल विकूं नये, असा आपल्याकडे नियम आहे. म्हणून असंख्य विक्रेते तेथें जत्रेंतल्या दुकानदारांप्रमाणें पालें ठोकून बसतात. भाडें द्यावयाचें तें जागेच्या मालकाला. आणि कोणाचें पाल देवळाच्या दाराशीं व कोणाचें ओढ्यापलीकडे, हें ठरवावयाचें तेंही त्या मालकानेंच. आवडत्या विक्रेत्यांस झुकतें माप मिळतें, या तक्रारीवरून भारताच्या स्पर्धा आयोगानें ॲमेझॉन व फ्लिपकार्ट या दोघांच्या चौकशीचा आदेश जानेवारी २०२० मध्यें दिला.

आपल्या पूर्वजांसही ही चिंता अपरिचित नव्हती. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केलेल्या कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत व्यापाऱ्यांपासून प्रजेचें रक्षण कसें करावें, याविषयीं स्वतंत्र अध्याय आहे. आणि संगनमतानें माल अडविणाऱ्या वा भाव चढविणाऱ्या व्यापाऱ्यांस सहस्र पणांचा दंड सांगितला आहे. राजानें काय करावें तें कौटिल्यानें सांगून ठेविलें. गृहस्थानें काय करावें, हें मात्र ज्याचें त्यानेंच शोधिलें पाहिजे.

तें शोधण्यास मला निमित्त झालें आमच्या सूनबाईंच्या यादीचें. “बाबा, एका दुकानावांचून कोणाचं अडत नाहीं, असं तुम्ही नेहमीं म्हणतां. ही या महिन्याची सात वस्तूंची यादी. यांतलं बाहेर काय काय मिळतं तें एकदां पाहून या,” असें म्हणून तिनें कागद माझ्या हातीं दिला. लोणच्यासाठीं ओली हळद व आंबेहळद, विळी, कुकरची रिंग, देवासाठीं पितळी निरांजन, कॉलेजांत संस्कृत घेतलेल्या नातीसाठीं आपट्यांचा कोश, गळक्या कळशीच्या जागीं नवी तांब्याची कळशी, आणि माझ्या श्रवणयंत्राची बॅटरी, अशा त्या सात वस्तु होत्या. पौष महिन्यांतील एका सकाळीं मी कापडी पिशव्या व ती गळकी कळशी घेऊन निघालों. कोथरुडाहून मंडईस जाणें आतां वृद्धांसही अवघड राहिलेलें नाहीं. २९ सप्टेंबर २०२४ रोजीं स्वारगेटपर्यंतचा भुयारी मार्ग खुला झाल्यापासून वनाजला मेट्रोंत बसावें, जिल्हा न्यायालयाच्या स्थानकावर गाडी बदलावी, आणि मंडईच्या पोटांतून वर यावें, इतकें तें सोपें झालें आहे.

वर येतांच मंडईची ती अष्टकोनी दगडी वास्तु व तिचा मनोरा दृष्टीस पडतो. १८८६ सालीं ही उघडली तेव्हां मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिला रे मार्केट म्हणत. पुढें तिला महात्मा फुले यांचें नांव देण्यांत आलें. ओल्या हळदीचे ढीग पौषांत येथें जागोजाग असतात. मी दोन्हीं जिनसा सारख्याच मागितल्या, तेव्हां विक्रेत्या बाईंनीं मला थांबविलें. “काका, लोणच्याला ना? मग पिवळी जास्त घ्या, आंबेहळद वासापुरती. निम्मी-निम्मी घातलीत तर उग्र होईल,” असें म्हणून त्यांनीं आंबेहळदीचा एक तुकडा मोडून माझ्या नाकाशीं धरला. कैरीचा तो वास पडद्यावर दाखवितां येत नाहीं. मी मागितलें त्याहून त्यांनीं कमी विकलें, हेंही ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

मंडईस लागूनच तुळशीबाग. पेशवाईंत नारो आप्पाजी खिरे यांनीं बांधिलेलें राममंदिर मध्यें, आणि भोंवतीं भांड्यांचीं, पूजासाहित्याचीं व भातुकलीच्या खेळण्यांचीं दुकानें, अशी येथील रचना आहे. रामरायाचें दर्शन घेऊन मी निरांजन पाहूं लागलों. एकाच आकाराचीं दोन निरांजनें हातांत घेतलीं म्हणजे कोणतें भरींव आणि कोणतें पोकळ, हें तळहातच सांगतो. विळी घेतांना दुकानदारानें ती पाटावर ठेवून हलवून दाखविली. जी डुगडुगते ती बोट कापते, असें त्याचें म्हणणें. कुकरच्या रिंगेसाठीं मात्र त्यानें माझी परीक्षाच घेतली. कुकर किती लिटरचा, झांकण आंतून बसतें कीं बाहेरून, असें विचारून त्यानें दोन-तीन रिंगा काढल्या आणि बसली नाहीं तर बदलून नेण्यास सांगितलें.

तेथून लक्ष्मी रस्ता ओलांडून आप्पा बळवंत चौकांत आलों. पानिपतच्या अंतिम युद्धापूर्वीं, डिसेंबर १७६० मधील चकमकींत पडलेले बळवंतराव मेहेंदळे यांचे चिरंजीव आप्पा बळवंत यांचें नांव या चौकास मिळालें आहे. आज मात्र येथें तलवारीचें नांव नाहीं. जिकडे पाहावें तिकडे पुस्तकें. मी वामन शिवराम आपट्यांचा मोठा कोश मागितला. विक्रेत्यानें विचारलें, “कोणासाठीं? किती वर्षं संस्कृत झालंय?” नात पहिल्या वर्षास आहे हें कळल्यावर त्यानें मोठा ग्रंथ बाजूस ठेविला आणि आपट्यांचाच विद्यार्थ्यांकरितां केलेला लहान कोश पुढें केला. मग पानें चाळून अक्षर कोठें पुसट तर नाहीं, एखादा फर्मा उलटा किंवा गळलेला तर नाहीं, हें त्यानें स्वतः तपासलें. माझीं सबंध वर्षें शाळेंत शिकविण्यांत गेलीं. विद्यार्थ्याच्या हातीं कोणतें पुस्तक केव्हां द्यावें हें ओळखणें किती कठीण, तें मी जाणतों. तें ज्ञान त्या चिंचोळ्या दुकानांत एका स्टुलावर बसलें होतें. संस्कृताच्या अभ्यासकांस आणखी एक वाट आहे, ती म्हणजे ग्रंथ छापणाऱ्याकडूनच घेणें. १९१७ सालीं स्थापन झालेली भांडारकर प्राच्यविद्या संस्था आपलीं प्रकाशनें स्वतः विकते. या चौकाच्या आसपासच महादेव चिमणाजी आपटे यांनीं १८८८ सालीं स्थापलेला आनंदाश्रम आहे. त्याच्या ग्रंथमालेवर आमच्या गुरुजनांच्या पिढ्या पोसल्या.

शेवटचा मुक्काम कसबा पेठेंतील तांबट आळी. शनिवारवाडा मागें टाकून गल्ल्यांत शिरलें कीं, घर दिसण्यापूर्वीं ठोके ऐकूं येतात. पेशवाईंत ही कारागीर मंडळी येथें वसली. तांब्याचा पत्रा ठोकून आकार देतां देतां कठीण होतो; मग तो भट्टींत लाल करून पुन्हां मऊ करावा लागतो, पुन्हां ठोकावा लागतो. शेवटीं मठारतात, तेव्हां त्याच्या अंगावर एकसारखे चकचकीत ठसे उमटतात. ती शोभा तर खरीच, पण त्या ठोक्यांनीं भांड्यास बळकटीही येते.

मी नवी कळशी दाखवा म्हटलें आणि जुनी पुढें ठेविली. कारागिरानें तिला बोटाची टिचकी मारली, उन्हाकडे धरून आंत पाहिलें, आणि तो म्हणाला, “नवी कशाला घेतां काका? अंग चांगलं जाड आहे. एवढं जाड आतां कोण करतं? बूड तेवढं झरतंय. डाख देतों, पोचे काढतों, आणखी वीस वर्षं जाईल.”

“तुमच्या मागें हें काम कोण करणार?” मीं विचारलें.

“मुलगा कंपनींत लागला. तो काय हातोडी धरायचा नाहीं,” असें म्हणून त्यानें कळशी एका बाजूस ठेविली. क्षणभरानें तो म्हणाला, “पण काम येत राहिलं, तर शिकणारा कोणीतरी येतो.”

या वाक्यांतच सर्व प्रश्नाचें सार आहे. वस्तु कोठूनही मागवितां येते. वस्तूची जाण मागवितां येत नाहीं. ती गिऱ्हाइकाच्या येण्याजाण्यावर जगते. आपण दुकानांत जी किंमत मोजतों, तींत पितळ, कागद वा हळद यांच्या मोलाबरोबर त्या जाणतेपणाचेंही मोल असतें. तें देणारे आपण उरलों नाहीं, तर एके दिवशीं दुकानाची फळी लागते. आणि लागलेली फळी मोबाईलवर बोट फिरवून उघडत नाहीं.

आतां हिशेब प्रांजळपणें सांगितला पाहिजे. सातांपैकीं पांच वस्तु मिळाल्या. सहावी विकत घ्यावीच लागली नाहीं. दुरुस्तीस नव्या कळशीच्या किमतीचा अल्पसा अंश पुरला. श्रवणयंत्राची बॅटरी मात्र तीन औषधी दुकानें पालथीं घालूनही मिळाली नाहीं. ती सूनबाईंनीं उत्पादकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून मागविली. निरांजन पडद्यावरील किमतीहून थोडें महाग पडलें, तर रिंग व विळी स्वस्त. सबंध दिवस गेला, आणि गुडघ्यांनीं रात्रीं आपली तक्रार नोंदविली. सकाळीं आठास घर सोडून सायंकाळीं सातास परतणाऱ्या स्त्रीनें दर आठवड्यास असें फिरावें, असें म्हणणें अन्यायाचें होईल.

म्हणून एकट्या-दुकट्याच्या पायपिटीहून संघटनेची वाट अधिक टिकाऊ. इंग्लंडांतील रॉचडेल गांवीं १८४४ सालीं २८ जणांनीं, मुख्यतः विणकरांनीं, वर्गणी काढून पीठ, लोणी, साखर यांचें आपलें स्वतःचें दुकान काढलें, आणि त्यांतून जगभरची सहकारी चळवळ वाढली. आपल्याकडे बिंदुमाधव जोशी यांनीं १९७४ सालीं पुण्यांत ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोविली. १९७५ च्या गुढीपाडव्यास मुंबई ग्राहक पंचायत निघाली. तिची पद्धति साधी आहे. शेजारपाजारच्या कुटुंबांनीं संघ करावा, महिन्याची मागणी आधीं लिहून द्यावी, संस्थेनें माल एकदम घाऊक घ्यावा, आणि तो संघांत आल्यावर सभासदांनीं आपापसांत वांटून घ्यावा. पुण्यांत टिळक रस्त्यावरील ग्राहक पेठ अनेकांच्या परिचयाची आहेच. मोबाईल ज्यांना सोडवत नाहीं त्यांच्याकरितां सरकारच्या प्रेरणेनें २०२२ पासून ‘ओएनडीसी’ हें खुलें जाळें सुरू झालें आहे. त्यांत विक्रेता एका ठिकाणीं नोंदला असला, तरी ग्राहकास दुसऱ्या ठिकाणाहून त्याचा माल मागवितां येतो. सर्व व्यवहार एकाच मालकाच्या दारांतून जात नाहीं.

आमच्या घरीं आतां यादीचे चार भाग होतात. रोजचा किराणा कोपऱ्यावरच्या वाण्याकडे फोनवर सांगावयाचा; त्याचा पोरगा घरीं आणून देतो. मोडलें असेल तें आधीं दुरुस्त करणाऱ्यास दाखवावयाचें. जेथें पारख लागते तें महिन्यांतून एकदां पेठांतून आणावयाचें, तें काम माझें. उरलें तेवढेंच घरबसल्या मागवावयाचें, आणि तेंही आधीं करणाऱ्याकडे थेट मिळतें कीं काय, हें पाहून. गेल्या महिन्यांत त्या चौथ्या रकान्यांत दोनच वस्तु होत्या. पुढच्या खेपेस नात माझ्याबरोबर येणार आहे. तिला तांबट आळींतले ठोके ऐकावयाचे आहेत.