मुलीचा दाखला

सोलापुराहून सावंतवाडीस बदली झाल्याचे कळताच कचेरीतील प्रत्येकाने माझे अभिनंदन केले, ते अकारण नव्हते. राजवाड्यासमोरचा मोती तलाव, आझाद हिंद सेनेतील जनरल जगन्नाथराव भोसले यांच्या नावाचे उद्यान, पाठीशी नरेंद्र डोंगर आणि संस्थानी अमदानीपासून विद्येची चाड बाळगणाऱ्या शाळा, एवढे सारे पायी फिरण्याच्या टप्प्यात असलेले गाव नोकरदाराच्या नशिबी क्वचितच येते. १९२४ ते १९३७ या काळात राज्यकारभार पाहिलेल्या बापूसाहेब महाराजांचे नाव तेथील वृद्ध मंडळी घरच्या वडीलधाऱ्याचे घ्यावे तसे घेत.

अशा या वाडीत माझ्या मुलीला शाळेबाहेर बसावे लागले, हे मला आजही पटत नाही. तिच्या दाखल्यावर जन्मस्थळाच्या रकान्यात तालुका लिहावयाचा राहून गेला होता, एवढेच निमित्त. मुख्य कारकुनांनी चष्मा कपाळावर चढवून तो कागद वाचला, उलटून पाहिला, पुन्हा वाचला आणि अत्यंत सौम्य स्वरात विचारले, "तुमचो गाव खंयचो?" मी सांगितले. दुरुस्ती तिकडूनच आणावी लागेल, असा निवाडा झाला. मामलेदार कचेरीचा शिक्का असलेले प्रतिज्ञापत्र नेले, ते चालले नाही. सोलापुरास पत्र धाडले, त्याचे उत्तर येता येईना. आणि मी असाच एकदा त्या बाकावर तिष्ठत असताना एका प्रतिष्ठित गृहस्थांच्या भाच्याचे नाव, दाखला मागाहून आणण्याच्या बोलीवर, माझ्यादेखत हजेरीपटावर चढले. मी गप्प राहिलो नाही. बोललो, आणि परिणामी माझा अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी गेला. तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की, प्रवेशाच्या मेजावर कारकुनाऐवजी शिक्षकास बसवावे. त्याला निदान मुलाच्या तोंडाकडे पाहण्याची सवय असते.

मुलीला मात्र त्या रिकाम्या पावसाळ्याचे यत्किंचितही वैषम्य वाटले नाही. चितार आळीत लाकडी फळांवर रंग चढताना ती तासन् तास पाहत उभी राही, आणि तेथील एका वृद्ध कारागिराने तिला दशावतारी गंजिफा मांडावयास शिकविले. गोल पाने १२०, प्रत्येक अवताराची १२. नृसिंहानंतर वामन येतो हे तिला शाळेने नव्हे, त्या पत्त्यांनी सांगितले.

यथावकाश प्रवेश मिळाला, आणि शाळा खरोखरच उत्तम निघाली. तेथील गणिताच्या बाईंच्या तोडीची शिक्षिका मी अन्यत्र पाहिली नाही. त्या कारकुनांना मी अद्यापि क्षमा केलेली नाही, करण्याचा विचारही नाही. परंतु पुढील बदलीचा हुकूम हाती पडला तेव्हा तो रद्द व्हावा म्हणून विनंतीअर्ज मीच केला, आणि कारण म्हणून 'मुलीचे शिक्षण' असे ठळक अक्षरांत लिहून खाली सही ठोकली.